कोटेशन 560 चं, एस्टिमेटमध्ये 579

काम चार मजली कार्यालयीन इमारतीचं. टेंडर मिळालं, वर्क ऑर्डर हातात आली आणि खरेदी विभागाने ॲल्युमिनियम खिडक्यांची ऑर्डर काढायला घेतली. एस्टिमेटिंग सॉफ्टवेअरमध्ये या पॅकेजसमोर 579 दिसत होते. उपकंत्राटदाराच्या सहीशिक्क्याच्या कोटेशनवर होते 560, आणि त्याने नंतर फोनवर दिलेली सूट वजा केली की 544. खरेदी अधिकाऱ्याने सरळ हिशेब मांडला: तरतूद 579 ची, खरेदी 544 ला, बचत 35. महिन्याच्या अहवालात ती बचत म्हणून गेलीसुद्धा. प्रत्यक्षात त्या पॅकेजमध्ये 68 चा खड्डा होता.

खऱ्या रकमा इथे देत नाही. एस्टिमेटमधला एकूण थेट खर्च 10,000 एकक धरला आहे आणि बाकी सगळे आकडे त्याच प्रमाणात आहेत. थेट खर्चावर 7 टक्के ओव्हरहेड, त्या बेरजेवर 5 टक्के नफा, म्हणून टेंडरचा आकडा 11,235. त्यात नफा 535. (याला सगळे 'पाच टक्के' म्हणतात, टेंडरच्या रकमेशी ताडून पाहिला तर तो 4.76 टक्केच भरतो. मार्कअप आणि मार्जिन यांचा हा घोळ इतका मुरलेला आहे की त्यावर आता कोणी वाद घालत नाही.) 535 मधून 68 गेले, म्हणजे नफ्याचा आठवा हिस्सा एका खिडक्यांच्या पॅकेजने खाल्ला.

एस्टिमेटची फाइल तपासायला माझ्याकडे आली ती यानंतर.

टेंडर भरण्याच्या दिवशी काय झालं

सॉफ्टवेअरच्या बदल-नोंदीत दोनच ओळी होत्या. दुपारी 12:40 ला 560 चे 595 झाले. 2:10 ला 595 चे 579. टेंडरची वेळ 3 वाजता संपत होती. कारणाचा रकाना दोन्ही ठिकाणी रिकामा. सॉफ्टवेअरने आकडे जपले होते, पण आकड्यांमागचा विचार त्याला कोणी सांगितलाच नव्हता.

पहिल्या बदलाचं कारण एस्टिमेटरला आठवत होतं. खिडक्यांसाठी तीन कोटेशनं आली होती, त्यांना क, ख आणि ग म्हणू. आपल्या मोजमापात खिडक्यांचं क्षेत्रफळ 425 चौरस मीटर निघालं होतं. क आणि ग यांनी तेवढंच धरलं होतं, ख ने 400. ख चा दर चौरस मीटरला 1.40, म्हणून 560. एस्टिमेटरने ठरवलं की ख ची मोजणी चुकली. उरलेले 25 चौरस मीटर त्याच दराने, म्हणजे 35 मिळवले आणि कोटेशनच्या चौकटीतले 560 खोडून तिथे 595 लिहिले. दुसरा बदल फोनचा. ख कडून निरोप आला, "एकूणात 16 कमी करतो, काम आम्हाला द्या." म्हणून 579. क चे 625 आणि ग चे 665 समोर होते. निवड सोपी वाटली.

गणित दोन्ही वेळा बरोबर होतं. गफलत होती ती पहिल्या बदलाच्या आधी, एक प्रश्न न विचारण्यात: ख ची मोजणी नेमकी 25 नेच का चुकली?

कारण ती चुकली नव्हतीच. टेंडर निघाल्यावर क्रमांक 2 चं शुद्धिपत्रक आलं होतं. त्यात जिन्याच्या बाजूला 25 चौरस मीटर काच वाढवली होती, आणि त्याच पानावर, दोन ओळी खाली, दुहेरी काचेचा तपशील 5-12-5 वरून 6-12-6 केला होता. म्हणजे दोन काचा 5 मिलिमीटरच्या होत्या त्या 6 च्या झाल्या, मधली 12 मिलिमीटरची पोकळी तशीच. क आणि ग यांच्या कोटेशनमध्ये 'शुद्धिपत्रक 1 व 2 विचारात घेतले' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ख च्या कोटेशनमध्ये शुद्धिपत्रकाचा उल्लेखच नव्हता. त्याने जुन्या ड्रॉइंगवर अचूक मोजणी करून अचूक दर दिला होता.

400 आणि 425 मधला फरक हा पुरावा होता. एस्टिमेटरने तो दुरुस्त केला आणि त्याच क्षणी तो पुरावा पडद्यावरून नाहीसा झाला. त्यानंतर ज्याने ज्याने ती फाइल उघडली त्याला ख चं क्षेत्रफळ इतरांशी जुळतंय असंच दिसलं. काचेकडे कोणाचं लक्ष जाण्याचं कारणच उरलं नाही.

खरेदी विभागाने ऑर्डरचा मसुदा ख ला पाठवला तेव्हा तिकडून उत्तर आलं, "साहेब, आमचा दर तुमच्या पहिल्या ड्रॉइंगवर आहे. शुद्धिपत्रक आमच्यापर्यंत आलेलंच नाही." ते खरं निघालं. शुद्धिपत्रक ज्या यादीला पाठवलं होतं त्या यादीत ख नंतर जोडला गेला होता.

तुलना पुन्हा मांडली तेव्हा

तिन्ही कोटेशनं मूळ रूपात परत घेतली आणि प्रत्येकाखाली समायोजनं वेगळ्या ओळींत लिहिली. ख चं पान असं दिसत होतं:

मूळ कोटेशन, 400 चौ.मी., शुद्धिपत्रकाआधीच्या ड्रॉइंगवर: 560
एकरकमी सूट, फोनवर, लेखी नाही: वजा 16
शुद्धिपत्रक 2, वाढीव 25 चौ.मी., ख च्याच दराने: 35
शुद्धिपत्रक 2, काच 6-12-6, आमचा अंदाज: 29
मटेरियल हॉइस्ट (सामान वरच्या मजल्यांवर नेणारी साइटवरची लिफ्ट), कोटेशनमधून वगळलेला: 18
चौकट आणि गिलाव्यामधली फट सीलंटने भरणं, वगळलेलं: 15
पाणी मारून गळती चाचणी, उल्लेख नाही: 6
एकूण: 647

क च्या कोटेशनमध्ये सीलंट आणि चाचणी धरलेली होती, फक्त हॉइस्ट नव्हता. 625 अधिक 18, म्हणजे 643. ग ने चढवणं-उतरवणं स्वतःकडे ठेवलं होतं, त्याचे 665 तसेच राहिले. म्हणजे टेंडरच्या दिवशी, सूट धरूनही, सगळ्यात स्वस्त होता क. ख 4 ने महाग. 46 ने स्वस्त वाटलेला माणूस सारखी पट्टी लावल्यावर दुसऱ्या क्रमांकावर गेला.

हॉइस्टच्या 18 बद्दल थोडं थांबावं लागेल, कारण अशी ओळ डोळे मिटून मिळवली तर खर्च दोनदा धरला जातो. बहुमजली बांधकामात हॉइस्ट बहुतेक वेळा साइटच्या सामान्य खर्चात असतो, आणि इथेही होता, नवव्या महिन्याच्या अखेरपर्यंत. त्यामुळे एस्टिमेटिंग विभागाचं पहिलं म्हणणं होतं की 18 मिळवायची गरजच नाही. पण वेळापत्रक उघडून पाहिलं तर खिडक्या बसवण्याचं काम नवव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होऊन दहाव्यात संपत होतं. हॉइस्ट उतरल्यावर काचा वर जायच्या होत्या! ही 18 म्हणजे हॉइस्ट चार आठवडे जास्त ठेवण्याचं भाडं आणि त्याच्या ऑपरेटरचा पगार. 'वगळलेलं' असं कोटेशनवर वाचलं की दोन प्रश्न विचारावे लागतात: हे आपल्याकडे आधीच कुठे धरलंय का, आणि धरलं असेल तर त्या तारखेला ते उपलब्ध असेल का. दुसरा प्रश्न सॉफ्टवेअर विचारत नाही.

सुटीच्या ओळीतही एक खोच आहे. ख ने 16 एकरकमी कमी केले होते, दर कमी केला नव्हता. 16 भागिले 400 करून कोणी 'दर 1.36 झाला' असं लिहिलं तर वाढीव 25 चौरस मीटरही 1.36 ने धरले जातात, आणि ख ते कधीच कबूल करत नाही. त्याच्या लेखी जादा काम 1.40 नेच. टक्केवारीत सूट मिळाली असती तर आणखी एक प्रश्न आला असता: टक्के कशावर? सीलंट, चाचणी, हॉइस्ट ही आपण मिळवलेली रक्कम आहे, ती त्याच्या खिशात जाणार नाही, मग त्यावर तो सूट कशाला देईल? म्हणून सूट नेहमी मूळ कोटेशनला चिकटून, समायोजनांच्या वर. टक्केवारीच्या सुटीत क्रम बदलला की बेरीज बदलते.

चौकटीत एकच आकडा मावतो तेव्हा

हे सॉफ्टवेअर वाईट नव्हतं. समायोजनांचा वेगळा टॅब त्यात पहिल्यापासून होता, फक्त घाईच्या दिवशी तो उघडायला तीन क्लिक लागत, आणि रकमेच्या चौकटीत थेट टाइप करायला एकही नाही. माणूस कुठे टाइप करणार हे उघड आहे. मूळ रकमेची चौकट एकदा भरली की कुलूपबंद होईल अशी सेटिंग शेवटी चालू केली. आता आकडा बदलायचा तर नवी ओळ घालावीच लागते, आणि कारण लिहिल्याशिवाय ती ओळ जतन होत नाही.

कोटेशनच्या नोंदीत काय काय हवं याबद्दल लोक लांबलचक याद्या करतात. नाव, तारीख, वैधता, कर आत की बाहेर, वाहतूक कोणाची, पेमेंटच्या अटी, पीडीएफ जोडलेली. हे सगळं असावंच, पण त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. माझ्या मते एक रकाना बाकी सगळ्यांहून मोलाचा आहे आणि तोच बहुतेक ठिकाणी नसतो: हे कोटेशन कोणत्या ड्रॉइंग-रिव्हिजनवर आणि कितव्या शुद्धिपत्रकापर्यंत दिलं आहे. हा रकाना असता तर ख समोर तो रिकामा राहिला असता, आणि रिकामा रकाना घाईतल्या माणसालाही दिसतो.

दुसरी गरज प्रत्येक समायोजनाच्या पक्केपणाची. वरच्या पानावर 35 हा आकडा ख च्याच दरावरून आलेला, तो बराचसा पक्का. 29 हा आमचा अंदाज. 16 तोंडी. तिन्ही एकाच रंगात दिसले तर वाचणाऱ्याला वाटतं सगळं सारखंच भक्कम आहे. आता तीन खुणा ठेवल्या आहेत: लेखी, तोंडी, अंदाज. तोंडी सूट मिळाली की त्याच दिवशी ईमेलने कळवून घ्यायची. उत्तर आलं की खूण बदलते. तात्पुरत्या आकड्यांना, म्हणजे कोटेशन येईपर्यंत जागा धरून ठेवायला टाकलेल्या रकमांना, हीच 'अंदाज'ची खूण लागते, आणि टेंडर बंद करताना अशा किती रकमा उरल्या हे पहिल्या पानावर येतं.

क चं कोटेशन तेव्हा का घेता आलं नाही

घोळ लक्षात आला तोवर क ची 45 दिवसांची वैधता संपली होती. त्याला विचारलं तर त्याने 648 मागितले, हॉइस्ट धरून 666. ग सुद्धा 665 वर. ख बरोबर बसून सगळ्या ओळी एकेक करून सोडवणं हाच मार्ग उरला.

काचेपासून सुरुवात झाली. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे 2.5 किलो. 5-12-5 मध्ये एकूण काच 10 मिलिमीटर, म्हणजे 25 किलो. 6-12-6 मध्ये 30. 425 चौरस मीटरला दोन टनांहून जास्त वजन वाढलं. 1.5 बाय 1.2 मीटरच्या उघडणाऱ्या एका पल्ल्यात काचेचेच 45 चे 54 किलो होतात. ख च्या माणसाने लगेच सांगितलं की आधी धरलेले फ्रिक्शन स्टे (पल्ला उघडताना तोलून धरणाऱ्या बिजागरीच्या पट्ट्या) एवढं वजन पेलणार नाहीत, वरच्या क्षमतेचे घ्यावे लागतील. आमच्या 29 मध्ये हे हार्डवेअर नव्हतंच. त्याने काचेच्या फरकाचे 26 सांगितले आणि स्टेचे 7, मिळून 33.

सीलंटचं काम मात्र वॉटरप्रूफिंगवाल्याने 15 ऐवजी 11 मध्ये घेतलं. त्याची माणसं आणि परांची बाहेरच्या भिंतीवर असणारच होती. चाचणीचे 6 जसेच्या तसे.

आता बेरीज करा. काचेत 4 वाढले, सीलंटमध्ये 4 कमी झाले. एकूण पुन्हा 647. आमचा फेरअंदाज एककापर्यंत बरोबर निघाला असं म्हणायला कोणालाही आवडलं असतं, आणि एकच समायोजन म्हणून 68 लिहिले असते तर तसंच म्हटलं गेलं असतं. पण इथे दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या होत्या, आणि पुढच्या कामात त्या एकमेकींना खातीलच असं नाही. पल्ल्याचं वजन न बघता काचेचा फरक काढला ही उणीव कायमची नोंदवायची गोष्ट आहे. ती नोंदवता आली ती ओळी वेगळ्या होत्या म्हणूनच.

दरसूचीतला 1.36

हा भाग खरं तर 68 च्या खड्ड्यापेक्षा जास्त महाग पडू शकला असता. काम मिळालं की हे सॉफ्टवेअर त्यातले दर आपोआप दरसूचीत टाकतं, म्हणजे पुढच्या टेंडरला 'मागच्या कामाचा दर' म्हणून ते समोर येतात. 579 भागिले 425, दर 1.36, आणि वर्णन बीओक्यूतून, म्हणजे टेंडरमधल्या बाबी आणि परिमाणांच्या यादीतून, उचललेलं: 'ॲल्युमिनियम खिडकी, दुहेरी काच 6-12-6, सीलंट व चाचणीसह'. यातलं 6-12-6, सीलंट आणि चाचणी, काहीच त्या दरात नव्हतं. शिवाय एकदाच मिळालेली सूट त्यात कायमची मुरली होती. हॉइस्ट आणि सूट दोन्ही बाजूला ठेवून खरा दर काढला तर 645 भागिले 425, म्हणजे 1.52. अकरा टक्क्यांहून जास्त फरक. दोन नव्या एस्टिमेटमध्ये 1.36 उचललाही गेला होता. सुदैवाने दोन्ही अजून भरली नव्हती.

त्याच सूचीत वेंटिलेटरसाठीही तोच 1.36 होता, कारण ख ची रक्कम क्षेत्रफळाच्या प्रमाणात सगळ्या बाबींवर पसरवली होती. सॉफ्टवेअरमधलं ते बटण सगळ्यांना प्रिय आहे. पण ॲल्युमिनियम लागतं ते परिमितीला. 1.5 बाय 1.2 मीटरच्या खिडकीला चौरस मीटरमागे 3 मीटर चौकट लागते, 0.6 बाय 0.45 च्या वेंटिलेटरला 7.78 मीटर. अडीचपटीहून जास्त. दोघांना एक दर लावला की खिडक्या महाग आणि वेंटिलेटर फुकटात जातात. एकूण रक्कम तीच राहते, म्हणून टेंडरच्या दिवशी याचं कोणाला काही वाटत नाही.

वाटलं ते नंतर. करार फिडिक या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या 1999 च्या लाल पुस्तकाच्या, म्हणजे बांधकाम कराराच्या नमुना अटींच्या, धर्तीवर होता आणि ग्राहकाने वेंटिलेटर 30 चौरस मीटरवरून 36 वर नेले. साइट इंजिनिअरला खात्री होती की 20 टक्के वाढ झाली, 10 ची मर्यादा ओलांडली, म्हणजे नवा दर मागता येईल. कलम 12.3 पूर्ण वाचलं तर तसं होत नाही. 10 टक्क्यांहून जास्त फरक ही पहिली अट. त्या फरकाची मूळ दराने येणारी रक्कम स्वीकृत करार-रकमेच्या 0.01 टक्क्याहून जास्त हवी; तीही पूर्ण होत होती. पण परिमाण बदलल्यामुळे त्या बाबीचा प्रति-एकक खर्च थेट 1 टक्क्याहून जास्त बदलला पाहिजे, आणि बाब 'निश्चित दराची' म्हणून नोंदलेली नसावी. चारही अटी एकत्र लागतात. सहा चौरस मीटर जास्त वेंटिलेटर केल्याने एका वेंटिलेटरचा खर्च बदलत नाही. दर मुळात कमी पडला होता, आणि मूळचा कमी दर ही दर बदलण्याची सबब नव्हे. वाढलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर तोटा वाढला.

यानंतर पसरवण्याचा नियम बदलला: चौकटीचा खर्च परिमितीवर, काचेचा क्षेत्रफळावर. हॉइस्ट आणि चाचणी अशा, परिमाणाशी न हलणाऱ्या रकमा बाबींच्या दरात न घालता सामान्य खर्चात. त्या दरात मुरवल्या आणि ग्राहकाने खिडक्या कमी केल्या तर तेवढी वसुली बुडते.

एक आकडा मात्र अजून डोक्यातून जात नाही. निविदा उघडल्या तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या कंत्राटदाराची रक्कम होती 11,380. त्या दिवशी क चे 643 धरले असते तर थेट खर्च 64 ने वाढून आपला आकडा 11,307 झाला असता. काम तरीही आपल्यालाच मिळालं असतं.

अहवालातली 35 ची बचत मागे घेतली गेली, थोडी कुरबुर होऊन. ख ची ऑर्डर दोन्ही शुद्धिपत्रकांचा उल्लेख करून निघाली. वाद उरला आहे तो हॉइस्टच्या 18 चा. गिलावा मागे पडल्यामुळे हॉइस्ट तसाही दहाव्या महिन्यात उभाच राहणार आहे, तेव्हा साइटचं म्हणणं, हा खर्च गिलाव्याच्या विलंबाचा धरा. एस्टिमेटिंगचं म्हणणं, तो खिडक्यांचाच आहे. सॉफ्टवेअरमध्ये ती ओळ सध्या 'अंदाज' या खुणेने उभी आहे.